चुरी मॅडमची भिंत

समोरच्या दारात स्नेहल चुरी राहायला आल्या तेव्हा टेम्पोतून देव उतरले नाहीत. पुस्तकांची अठरा खोकी उतरली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला पांढरा फळा. मी कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी होते. त्यांनी कपाळ पुढे केलं आणि पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "वहिनी, तुमच्या भजनी मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल ना? किती बायका आहेत त्यात?"

मी रोज वही लिहिते. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे: समोर प्राध्यापक बाई आल्या. एकट्या. देव नाहीत. ग्रुप विचारला.

त्या इथल्या विद्यापीठात नवमाध्यमं आणि पत्रकारिता शिकवतात. वय चव्वेचाळीस. मूळच्या केळवे-माहीमकडच्या, घरची पानवेलीची वाडी. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात अकरा वर्षं बातमीदार होत्या. एके दुपारी जेवणाचे डबे उघडलेले असताना साहेबाने येऊन सांगितलं की उद्यापासून आवृत्ती बंद. मग त्यांनी पीएचडी केली आणि सिल्वासाला आल्या. नवऱ्याचं मी एकदा अडखळत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ती माझी दुसरी बंद पडलेली आवृत्ती." आणि स्वतःच हसल्या. मला हसावं की नाही ते कळलं नाही.

डोकमर्डीच्या आमच्या इमारतीत भिंती पातळ. शनिवारी सकाळी त्या घरूनच मोबाइलवर तास घ्यायच्या, दार उघडं असायचं, आणि भाजी निवडता निवडता मला त्यांचं शिकवणं पाठ झालं. "तुला हे कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं? त्याच्या आधी कोणी?" प्रत्येक तासाला हेच तीन प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला मुलं गप्प व्हायची, तेव्हा मॅडम म्हणायच्या, "इथून पुढे आपलं काम सुरू होतं."

एकदा किलवणीचे एक गृहस्थ मिठाईचा खोका घेऊन आले. मुलाला मॅडमनी नापास केलं होतं.

"मॅडम, पोराची जरा चूक झाली, सांभाळून घ्या."

"चूक नाही हो. तुमच्या मुलाने एका सरपंचाची मुलाखत लिहून दिली. सरपंच दोन वर्षांपूर्वी वारले आहेत."

गृहस्थ खोका या हातातून त्या हातात करत राहिले.

"प्रश्न चांगले होते," मॅडम म्हणाल्या. "मिठाई सरपंचांच्या घरी द्या."

हे बोलताना त्यांचा आवाज चढत नसे. पण त्याच मॅडम वसतिगृहातल्या एका आदिवासी मुलीला तीन महिने रोज संध्याकाळी समोर बसवून मोठ्याने वाचायला लावत होत्या. ती मुलगी माइकसमोर रडायची. आता ती रेडिओवर बातम्या सांगते. तेव्हा मला वाटायचं, बाई कडक आहे पण आतून मऊ आहे. तसं नव्हतं. त्या जे हाती घेतील ते पुरं करत. मुलगी असो की निबंध, मागे हटणं त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

कार्तिकात त्यांनी काम काढलं. एखादा निरोप फोनफोनावरून चालत कुठवर जातो, हे त्यांना मोजायचं होतं. त्यावर निबंध लिहायचा, तो छापून आला की त्यांचं मोठ्या प्राध्यापकाच्या जागेवर जाणं होणार होतं. त्यांची युक्ती साधी होती. रोज सकाळी एक शुभेच्छेचं चित्र तीन ग्रुपांत टाकायचं. चित्र एकच, ओळ एकच, फक्त एक शब्द वेगळा. आमच्या मंडळात यायचं, "आपल्या घरी समई तेवत राहो." शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपात समईऐवजी निरांजन, आणि किलवणीच्या कारखान्यातल्या बायकांच्या ग्रुपात पणती. मग कुठे कोणता शब्द पोचला ते पाहिलं की वाट कळते. दर शनिवारी तास आटोपला की त्या खानवेलच्या बसने जायच्या आणि तिथल्या चाळीस लोकांचे फोन बघायच्या. हॉलच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवून त्यावर गोल आणि बाण काढत.

आधी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कागद वाचून दाखवला. कोण कोणाला पाठवतं ते बघणार, नाव कुठेही देणार नाही. कोणी नीट ऐकलं नाही. एकवीस सह्या झाल्या आणि एक अंगठा.

अंगठा पुतळाबाईचा. ती आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहते. नंदुरबारकडची माणसं, 'आहे'ला 'शे' म्हणणारी. नवरा कारभारी दोऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. एकच मुलगी, गुड्डी. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. तिथेच कामाला असलेल्या खानवेलच्या एका वारली मुलाशी तिने लग्न केलं. कारभारीने जिन्यात उभं राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमची पोरगी मेली. कोणी इचारायचं नाही." रोज पाळीवरून आला की तो बायकोचा फोन तपासायचा.

भाद्रपदात गुड्डी आईला बाजारात चोरून भेटली. दिवस राहिले होते. तिने आईच्या फोनमध्ये आपला नंबर घातला. पुतळाबाईला वाचता येत नाही आणि बापाला तर नाव दिसायला नको, म्हणून नावाच्या जागी पोपटाचं चित्र ठेवलं. मायलेकींचं असं ठरलं की आईने रोज सकाळी काहीतरी चित्र धाडायचं आणि लगेच पुसून टाकायचं. गुड्डीने उलट काही पाठवायचं नाही, बापाला दिसेल. फक्त बाळ झालं की पाळण्याचं चित्र पाठवायचं. पाळणा दिसला की आईने पहिल्या बसने यायचं. बाळाची पहिली आंघोळ आजीने घालायची.

पुतळाबाईला चित्र पुढे पाठवायला आणि पुसायला मी शिकवलं होतं, म्हणून मला सगळं माहीत होतं. "वहिनी, पाळणा आला की मी जाणार," ती म्हणायची. "मग त्याले काय करायचं ते करू दे." माझ्या दोन जुन्या सुती साड्या तिने मागून नेल्या होत्या, बाळाच्या दुपट्यांसाठी. चार दुपटी शिवून पिठाच्या डब्यामागे लपवली होती.

मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी मी मॅडमना प्रसाद द्यायला गेले. त्या भिंतीपुढे उभ्या होत्या.

"वहिनी, हे बघा. खानवेलला पणती पोचली, ते बरोबर आहे, तिथल्या बायका किलवणीला कामाला जातात. पण या एका फोनवर रोज समई येते. तुमच्या मंडळातलं खानवेलला कोण आहे?"

"कोणाचा फोन?"

"गरोदर मुलगी आहे एक. आईकडून येतं म्हणाली. आई कोण ते सांगत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आपली पुतळाबाई. ती तिची गुड्डी."

हे मी लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते इथून झालं. त्यांनी मला पिळून काढलं नव्हतं. त्यांना एक गोल जोडायचा होता आणि मी जोडून दिला. त्यांनी वळून मला घट्ट मिठी मारली. तेवढी एकच वेळ.

बारा डिसेंबरला विद्यापीठात त्यांचं भाषण झालं. तिथे त्या म्हणाल्या, "डोकमर्डीच्या एका भजनी मंडळात एक आई आहे. तिला लिहितावाचता येत नाही. नवरा फोन तपासतो. मुलीने जातीबाहेर लग्न केलं, ती खानवेलला. आई रोज सकाळी तिला दुसऱ्याने बनवलेलं चित्र पाठवते. त्यात मजकूर काहीच नाही, आणि बातमी पूर्ण आहे. मी आहे, तू आहेस ना?" सभागृहात टाळ्या झाल्या म्हणे. विभागाच्या चॅनलवर त्या तुकड्याचा व्हिडिओ लागला. दोन दिवसांत तो आमच्याच ग्रुपात फिरत आला.

नाव नव्हतं. पण भजनाला टाळ काढता काढता कुसुम म्हणाली, "आपल्यात अंगठेबहाद्दर तर एकच आहे."

"आणि खानवेलचे सोयरेही एकीलाच मिळाले," दुसरी म्हणाली.

"देवाच्या ग्रुपातून पोरीला निरोप. आपल्याला वाटायचं समई पांडुरंगासाठी आहे."

पुतळाबाई त्या दिवशी आली नव्हती. मी ऐकत होते. कुसुमचा नवरा कारभारीच्याच पाळीत आहे, हे मला ठाऊक होतं. मी टाळ उचलले आणि भजन सुरू केलं.

तीन-चार दिवस वरच्या मजल्यावरून काही आवाज आला नाही. मी कान देऊन होते. भांडं आपटलं नाही, दार आपटलं नाही. अठरा डिसेंबरला, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, पुतळाबाई माझ्याकडे सवाष्ण म्हणून आली ती फुललेली. मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"गुड्डीनी माले फूल धाडं. देखा."

पोपटाच्या खाली लाल जास्वंद होतं.

"पण तिने उलट पाठवायचं नव्हतं ना?"

"राहवलं नसेल पोरीले. मी लगेच पुसणार आहे. तुमले दाखवायले ठेवलं." ती फोन छातीशी धरून उभी राहिली. "आता रोज येईल असं वाटतंय."

रोज आलं. सकाळी साडेसहाला तिची समई जायची आणि मिनिटभरात फूल यायचं.

शनिवारी मॅडम खानवेलहून परतल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. "वहिनी, सतरा तारखेपासून खानवेलला समई बंद आहे. ती मुलगी म्हणते आईचं येत नाही. तिने फोन केला तर लागत नाही. पुतळाबाईंनी पाठवणं सोडलं का?"

मी त्यांना फुलाचं सांगितलं. त्या वर गेल्या, पाहणीसाठी म्हणून पुतळाबाईचा फोन मागितला, पोपटामागचा नंबर उतरवून आणला आणि माझ्यासमोर आपल्या फोनवरून लावला.

"हां, कारभारी बोलतोय. कोण?"

मॅडमनी फोन ठेवला.

त्याने आरडाओरडा केला नव्हता, हात उचलला नव्हता. बायकोच्या फोनमध्ये गुड्डीचा खरा नंबर अडवून टाकला होता आणि पोपटाखाली स्वतःचा दुसरा नंबर घातला होता. पुतळाबाई रोज सकाळी मुलीला म्हणून नवऱ्यालाच समई पाठवत होती, आणि नवरा मुलगी होऊन फूल पाठवत होता.

"आत्ता जाऊन सांगू या," मी म्हटलं.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "थांबा. सांगितलं तर काय होईल? तो फोनच काढून घेईल. निदान आता ती रोज खूश आहे."

"आणि पाळणा? तो तिला कसा दिसायचा?"

"बाळंतपण फेब्रुवारीत आहे. मला एकतीस जानेवारीला निबंध द्यायचाय. सहा आठवडे फक्त. त्यानंतर मी स्वतः तिला खानवेलला घेऊन जाईन."

"मॅडम, तुम्ही मुलांना तीन-तीन प्रश्न विचारता."

"हेच ते, वहिनी. समोर कोण आहे हे न कळता माणूस रोज बोलत राहतो, तेही एकाच घरात. हे अजून कोणी नोंदलेलं नाही. मध्येच मी हात घातला तर नोंद बिघडते." मग म्हणाल्या, "तिने सही केली आहे."

"अंगठा," मी म्हटलं.

घरी यांना सांगितलं. हे कलेक्टर कचेरीत आहेत, यांचं म्हणणं, "दुसऱ्याच्या घरात शिरू नकोस. कारभारी उद्या आपल्या दारात उभा राहील." मी देवापुढे बसले, उठले आणि गप्प राहिले. ते दिवस वहीत कोरे आहेत.

एका सकाळी दूध घ्यायला जिन्यात आले तर कारभारी पाळीवर निघाला होता. पायरीवर थांबून फोन बघत होता. वर दाराची कडी वाजल्याचा आवाज आला आणि इकडे त्याच्या फोनची टिंग. त्याने अंगठ्याने एक झेंडूचं फूल निवडलं, पाठवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे हे त्याला कळलं असावं.

"पोरगी पोरगी करून मरत होती, वहिनी. घे म्हटलं पोरगी."

"कारभारीभाऊ, असं करू नका."

"मी काय केलं? फूलच तर पाठवतो. नवऱ्यानं बायकोले फूल पाठवलं, त्याची बी बोंब?" तो हसत खाली उतरला. खालून म्हणाला, "त्या प्राध्यापकीणबाईले सांगा, इडिओ चांगला होता."

संक्रांतीनंतर मी हळदीकुंकू ठेवलं. बावीस जानेवारीला मॅडमना वाण द्यायला गेले. त्या आंघोळीला गेल्या होत्या, दार उघडंच होतं. भिंतीवरचा कागद आता गच्च भरला होता. खानवेलच्या गोलाशी बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: प्रसूती, नऊ जानेवारी, मुलगी. संदेश नाही. त्याखाली: दहा तारखेला दवाखान्यात भेट, आईला निरोप द्यायला सांगितला. आणि त्याखाली: बारसं, वीस जानेवारी. आईकडून कोणी नाही.

मी ते दोनदा वाचलं. वाण तिथेच टेबलावर ठेवलं आणि जिना चढून वर गेले.

पुतळाबाई पिठाच्या डब्यापाशी बसली होती. "गुड्डीला मुलगी झाली," मी सांगितलं. "तेरा दिवस झाले."

ती माझ्याकडे बघून हसली. "कोणी सांगितलं? पाळणा कुठे आला? आज सकाळीच तिनं गुलाब धाडला. झालं असतं तर पाळणा नसता धाडला?"

तिचा माझ्यावर विश्वास बसेना, फोनवर होता. मग मला सगळं सांगावं लागलं. पोपटाखाली कोण आहे ते. ती ऐकत असताना फोनकडे बघत होती. ओरडली नाही. पिठाच्या डब्यामागून दुपटी काढली, पिशवीत भरली, चपला घातल्या. वाटलं, बसला निघाली. पण ती एक मजला उतरून समोरच्या दारात उभी राहिली.

मॅडम ओले केस पुसत बाहेर आल्या. पुतळाबाईच्या हातातली पिशवी पाहिली आणि त्यांना कळलं.

"तुमले म्हाईत व्हतं?" पुतळाबाईने विचारलं.

"हो."

"कधीपाईन?"

दुसरं कोणी असतं तर काहीतरी गुळमुळीत बोललं असतं. मॅडम खोटं बोलत नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नंबर बदलल्याचं वीस डिसेंबरपासून. मुलगी झाल्याचं दहा जानेवारीपासून."

"तिनं निरोप देला व्हता?"

"दिला होता. मी तुम्हाला दिला नाही."

पुतळाबाईने मान हलवली, जशी भाजीचा भाव ऐकून हलवावी. "तिचा नंबर असेल ना तुमच्याकडे? लावा."

मॅडमनी लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"हं मॅडम," गुड्डीचा आवाज आला.

"गुड्डी, मी."

"आता कशाला?"

"माझा फोन बिघडला व्हता बेटा."

"फोन बिघडला होता. बस तर चालू होती ना?"

पुतळाबाईने बापाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर जावई इथे येऊन उभा राहिला असता आणि रक्त सांडलं असतं, हे तिला माहीत असावं. ती म्हणाली, "मी आता निघते. कपडे शिवले शेत. पाऊण तासात येते."

"नको."

"गुड्डी."

"बाराव्यापर्यंत वाट पाहिली मी. मॅडमजवळ निरोप दिला, तरी आली नाहीस. इथे सगळे विचारायचे, माहेरचं कोणी का नाही. बारशाला सासूने विचारलं, आईला तरी कळवलं का. मी सांगितलं, माझी आई गेली." तिचा आवाज सरळ होता, वाचून दाखवल्यासारखा. "सासू माझ्यासाठी रडली. पहिली आंघोळ तिने घातली. आता तू कुठून येशील? येऊ नको."

मागे बाळ रडायला लागलं. बारीक, चिरकं, थांबून थांबून.

"बरं," पुतळाबाई म्हणाली. "रडतंय ते. घे तिले."

फोन बंद झाला. मॅडम उभ्याच होत्या, ओला टॉवेल हातात. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तिला फोन करून सांगते, निरोप मी दाबून ठेवला होता."

"तुमचं ऐकून ती काय करेल?" पुतळाबाई म्हणाली. "सासूले सांगेल, मेलेली आई जित्ती झाली?"

तरी मॅडमनी फोन लावला. दोनदा लावला. तिसऱ्यांदा नंबर बंद होता.

निबंध एकतीस तारखेला गेला. स्वीकारला गेला आहे, उन्हाळ्यात छापून येईल. त्यात पुतळाबाई म्हणजे सहभागी क्रमांक चौदा. मी विचारलं, तिच्याबद्दल शेवटी काय लिहिलंत? मॅडमनी शेवटच्या पानावरची ओळ वाचून दाखवली. अशी ओळ प्रत्येक निबंधात घालावीच लागते म्हणे. सहभागी व्यक्तींना या अभ्यासातून कोणतीही इजा पोचलेली नाही. त्यांनी ती थांबून, नीट उच्चारून वाचली. मी बघत होते, आवाज कुठे हलतो का. हलला नाही. मग त्यांनी कागद उलटा ठेवला. खानवेलला जाणं त्यांनी सोडलं आहे.

पुतळाबाई अजून रोज सकाळी समई पाठवते आणि कारभारी फूल पाठवतो. बंद केलं तर त्याला कळेल की हिला कळलं, आणि मग घरात राहायचं कसं, असं तिचं म्हणणं.

आणि शनिवारी दुपारी, कारभारी पाळीवर असला की, ती मॅडमची कडी वाजवते. मॅडमच्या फोनवरचं प्रत्येक बोलणं मुलाखतींसाठी म्हणून आपोआप साठवलं जातं, त्या दिवशीचंही साठवलं गेलं होतं. हे कळल्यापासून ती येते. खुर्चीवर बसत नाही, भिंतीला पाठ लावून खाली बसते. मॅडम टेबलावर पेपर तपासत असतात, ते बाजूला सारतात आणि फोन तिच्यासमोर फरशीवर ठेवतात. एक मिनिट बावन्न सेकंद. "आता कशाला" पासून बाळाच्या रडण्यापर्यंत. रडण्याशी ती पुढे वाकते, कान फोनला टेकवते. ते संपलं की बोट वर करते, म्हणजे पुन्हा.

परवा मी तिथेच होते. मॅडम म्हणाल्या, "पुतळाबाई, बोलणं काढून फक्त बाळाचं रडणं ठेवता येईल. पाच मिनिटांचं काम आहे. मग ते सगळं ऐकावं लागणार नाही."

पुतळाबाईने फोन जवळ ओढला.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "ते बी तिचंच शे."

मॅडमनी खाली वाकून पुन्हा पहिल्यापासून लावलं.